मिडीच्या तारेतून आवाज जातच नाही

कीबोर्डच्या पाठीमागे एक गोल सॉकेट असतं, पाच भोकांचं, आणि बाजूला बारीक अक्षरात मिडी आउट, मिडी इन असं लिहिलेलं असतं. मिडी म्हणजे इलेक्ट्रॉनिक वाद्यांनी एकमेकांशी बोलायची ठरलेली पद्धत. ऑडिओचा जॅक, पेडलचा जॅक, अडॅप्टरचं भोक हे सगळं रोज वापरात, आणि हे सॉकेट मात्र तसंच पडून. आमच्या ग्रुपमध्ये नवीन मुलं वाजवायला येतात त्यांना मी हमखास विचारते की यातून काय जातं, आणि उत्तर ठरलेलं असतं, आवाज जातो. तर नाही. यातून आवाज अजिबात जात नाही. यातून निरोप जातो, की अमुक पट्टी दाबली, इतक्या वेगाने दाबली, आता सोडली, आता पेडलवर पाय आला, आता सूर सरकवायचं व्हील वर ढकललं. म्हणजे तुमच्या हातापायांची हालचाल तेवढी आकड्यांमध्ये पलीकडे पोचते, आणि त्याचा आवाज काय करायचा ते पलीकडचं वाद्य आपलं आपण ठरवतं.

ही एक गोष्ट डोक्यात पक्की बसली की मिडीचं बाकी सगळं, त्याची ताकद पण आणि त्याच्या अडचणी पण, आपोआप सुटत जातं. मी पेटीवर शिकले, आता भजनाला आणि ऑर्केस्ट्राला कीबोर्ड वाजवते आणि वायरिंगही बघते, त्यामुळे हा विषय माझ्या फार जवळचा आहे, आणि मराठीत यावर कोणी सविस्तर लिहिलेलं मला सापडत नाही म्हणून आज बसले.

एकच स्वर घेऊ आणि तो तारेतून जाताना नीट बघू. मधल्या सप्तकातली पांढरी एक दाबली. व्हेलॉसिटीवाल्या, म्हणजे पट्टी किती वेगाने दाबली ते ओळखणाऱ्या कीबोर्डमध्ये पट्टीखाली साधारणपणे दोन कॉन्टॅक्ट असतात, एक आधी टेकतो आणि दुसरा किंचित नंतर, आणि या दोघांच्या मधला वेळ मोजून आतला प्रोसेसर ठरवतो की पट्टी किती वेगाने खाली गेली. मग तो तारेवर तीन आकडे सोडतो, १४४, ६०, १००. पहिल्याचा अर्थ एक नंबर चॅनलवर (एकाच तारेत निरोपांचे जे वेगवेगळे रस्ते ठेवलेत ते चॅनल) स्वर सुरू कर, दुसऱ्याचा अर्थ साठ नंबरची पट्टी, तिसऱ्याचा अर्थ वेग शंभर. संपलं. काळी एक असती तर ६१ गेलं असतं, पांढरी दोन असती तर ६२, काळी पाच म्हणजे ७०, असं एकेक पट्टीला एकेक नंबर. पट्टी सोडली की १२८, ६० आणि सोडण्याच्या वेगाचा एक आकडा, की स्वर बंद. मधल्या वेळात, म्हणजे तुम्ही पट्टी दाबून दहा सेकंद बसलात तरी त्या स्वराबद्दल तारेवर काहीही जात नाही, कारण सांगण्यासारखं काही घडलेलंच नसतं.

आता याच आकड्यांच्या जरा अजून आत जाऊ कारण खरी मजा तिथे आहे. तारेत हे सगळं एक-शून्यातच असतं, आठ-आठच्या गटात. १४४ म्हणजे १००१०००० आणि ६० म्हणजे ००११११००. दोन्हीतला सगळ्यात डावीकडचा आकडा बघा. डावीकडे एक असेल तर तो हुकूम आणि शून्य असेल तर ती त्या हुकमाची माहिती, बस इतका सोपा नियम. त्यामुळे तुम्ही वाजवता वाजवता मधेच केबल लावलीत आणि पलीकडच्या वाद्याला निरोपाचा अर्धाच तुकडा मिळाला तरी ते गोंधळत नाही, एकने सुरू होणारा पुढचा हुकूम येईपर्यंत थांबतं आणि तिथून पुढे चालू लागतं. पण डावीकडची जागा अशी खर्ची पडली म्हणून माहितीसाठी सातच जागा उरतात, आणि सात जागांमध्ये ० ते १२७ इतकेच आकडे बसतात. मिडीत जिथे जाल तिथे १२७ का भेटतं, व्हॉल्यूम १२७, मॉड्युलेशन १२७, व्हेलॉसिटी १२७, त्याचं मूळ इथे आहे. आणि स्वराच्या किंवा व्हीलच्या हुकमातले शेवटचे चार एक-शून्य चॅनलचा नंबर सांगतात, चार जागांमध्ये सोळा प्रकार होतात म्हणून चॅनल सोळा. कुठलाही आकडा उगाच आलेला नाही.

स्पीडचंही तसंच. सेकंदाला ३१,२५० एक-शून्य. हा विचित्र आकडा कुठून आला तर त्या काळच्या प्रोसेसरचं क्लॉक १ मेगाहर्ट्झच्या पटीत असायचं आणि त्याला ३२ ने भागलं की बरोबर ३१,२५० येतात, म्हणजे जास्तीचा महागडा पार्ट लागत नाही. प्रत्येक आठाच्या गटाला पुढेमागे एकेक खुणेचा बिट लागतो, म्हणजे दहा, म्हणजे एका गटाला ३२० मायक्रोसेकंद, आणि तीन गटांच्या आपल्या स्वराला जेमतेम एक मिलिसेकंद. आता एक स्वर ठीक आहे पण दहा बोटांनी दहा पट्ट्या एकदम दाबल्या तर? तार एकच, निरोप एकामागून एक जाणार, म्हणजे शेवटचा स्वर पहिल्याच्या साधारण नऊ मिलिसेकंद मागून निघतो. ऐकायला वाटतं केवढा उशीर, पण नऊ मिलिसेकंदांत हवेतून आवाज तीनेक मीटर जातो, म्हणजे स्टेजवरचा मॉनिटर तुमच्यापासून तीन मीटर लांब असला तर इतका उशीर तुम्ही रोजच ऐकताय. तरीसुद्धा मिडी बनवणारे लोक इथे थांबले नाहीत, त्यांनी अशी सोय केली की एकच हुकूम परत परत द्यायचा असेल तर तो एकदाच द्यायचा आणि पुढे नुसती पट्टी-वेग, पट्टी-वेग पाठवत राहायचं, याला रनिंग स्टेटस म्हणतात आणि त्यात तीसऐवजी एकवीस गटांत काम होतं. आणि स्वर बंद करायलाही वेगळा हुकूम नको, सुरू करचाच हुकूम पण वेग शून्य, की झाला बंद. इतक्या काटकसरीने विचार केलेला बघितला की मला खरंच त्या लोकांबद्दल आदर वाटतो.

आणि ते लोक कोण, हे तर सांगायलाच हवं. १९७० च्या दशकात दोन सिंथेसायझर, म्हणजे विजेवर आवाज तयार करणारी वाद्यं, जोडायचे तर व्होल्टेजने जोडायचे. मूग, रोलँडवाल्यांचा हिशोब एका सप्तकाला एक व्होल्ट, तर कॉर्ग आणि यामाहाच्या बऱ्याच मॉडेल्सचा हिशोब वेगळाच, त्यामुळे एका कंपनीचं वाद्य दुसऱ्या कंपनीच्या वाद्याशी सुरात बोलेल याची खात्री नाही. नंतर आत डिजिटल सर्किट आलं तर प्रत्येकाने स्वतःचं कनेक्शन काढलं, रोलँडचं वेगळं, ओबरहाइमचं वेगळं. जून १९८१ मध्ये अमेरिकेतल्या नॅम नावाच्या वाद्यांच्या मोठ्या ट्रेड शोमध्ये रोलँडचे संस्थापक इकुतारो काकेहाशी यांनी टॉम ओबरहाइम यांच्याकडे विषय काढला की सगळ्यांचं मिळून एकच कनेक्शन असायला हवं, आणि मग त्यात सिक्वेन्शियल सर्किट्सचे डेव्ह स्मिथ आले. स्मिथ आणि त्यांचा सहकारी चेट वुड यांनी त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीपुढे एक प्रस्ताव मांडला, त्यानंतर रोलँड, यामाहा, कॉर्ग, कावाई आणि सिक्वेन्शियल यांच्यात वर्षभर पत्रव्यवहार, बैठका, बदल. लक्षात घ्या, हे सगळे एकमेकांचे स्पर्धक, दुकानात शेजारी शेजारी मांडले जाणारे.

जानेवारी १९८३, ॲनाहाइम, परत नॅम. सिक्वेन्शियलचा प्रॉफेट-६०० आणि रोलँडचा ज्युपिटर-६, मध्ये एक केबल, एकावर वाजवलं आणि दुसरा वाजला. दोन देशांतल्या दोन कंपन्यांची वाद्यं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पहिलं स्पेसिफिकेशन छापून आलं, आणि त्यावर ना फी ना रॉयल्टी, ज्याला वाद्य बनवायचंय त्याने वापरावं. मला विचाराल तर मिडी टिकलं ते या एका निर्णयामुळे. तांत्रिकदृष्ट्या त्याहून भारी काहीतरी तेव्हाही करता आलं असतं, पण ते महाग पडलं असतं आणि छोट्या कंपन्यांनी घेतलं नसतं. त्याच साली आलेल्या यामाहा डीएक्स-७ च्या मागचं सॉकेट आणि आजच्या नव्या सिंथच्या मागचं सॉकेट, दोन्हीत एकच केबल बसते आणि दोघं एकमेकांना समजतात. ४० वर्षांपूर्वीच्या कुठल्या कॉम्प्युटरची केबल आज घरात चालते सांगा.

सिक्वेन्शियल पुढे फार चालली नाही, १९८७ मध्ये यामाहाने ती घेतली, आणि डेव्ह स्मिथना नंतर स्वतःच्या नावाने कंपनी काढावी लागली. पण २०१५ मध्ये यामाहाने सिक्वेन्शियल हे नाव त्यांना परत देऊन टाकलं, आणि ते परत द्यावं म्हणून आग्रह धरणारे कोण तर काकेहाशी. २०१३ मध्ये दोघांना मिळून टेक्निकल ग्रॅमी मिळालं होतं. काकेहाशी २०१७ मध्ये गेले, स्मिथ २०२२ मध्ये.

केबलबद्दल एक गोष्ट खास मंडपात वाजवणाऱ्यांसाठी. जनरेटर, लाइटिंगचे डिमर, एलईडी वॉल, सगळं एकाच ठिकाणी असलं की ऑडिओच्या लाइनमध्ये घूंऽऽ असा हम येतो, आणि त्याचं नेहमीचं एक कारण म्हणजे दोन मशीनच्या अर्थिंगचं वर्तुळ तयार होणं. मिडीत हे होऊ नये म्हणून सुरुवातीपासून सोय आहे. तारेतून आलेला करंट पलीकडच्या वाद्यात शिरतो तो फक्त एक बारकी एलईडी पेटवायला, ती एलईडी आणि तिच्यासमोरचा प्रकाश ओळखणारा सेन्सर एकाच काळ्या चिपमध्ये बंद असतात, ऑप्टोकपलर म्हणतात त्याला, आणि निरोप उजेडातून पलीकडे जातो. विजेचा जोड नाहीच. पाच पिनांपैकीही कामाच्या तीनच, दोन करंटच्या आणि मधली शील्डची, आणि शील्ड पण फक्त आउटच्या बाजूला अर्थला जोडलेली. म्हणून मिडी केबलने हम येत नाही. पण ऑनलाइन जी अगदी स्वस्तातली बिननावाची यूएसबी-मिडी केबल मिळते तिच्यात बऱ्याचदा हा ऑप्टोकपलरच गाळलेला असतो, किंवा मोठा निरोप आला की ती मधले आकडे गिळते, तर तिथे दोनशे रुपये वाचवू नका. आणि पाच पिनांची केबल पंधरा मीटरच्या वर नेऊ नका, स्पेसिफिकेशनमध्येच तेवढी मर्यादा दिलीये.

आवाज न पाठवता नुसती हालचाल पाठवल्याचा फायदा काय, हे रेकॉर्डिंगला कळतं. गाणं मिडीत रेकॉर्ड केलं की अंतऱ्यातला एक चुकीचा स्वर उचलून बरोबर जागी ठेवता येतो, लय वाढवली तरी पट्टी चढत नाही, गायकाची पट्टी काळी दोनवरून काळी एक झाली तर सगळ्या नंबरांमधून दोन वजा, आणि बासरी नको वाटली तर तोच वाजवलेला तुकडा सारंगीच्या सॅम्पलवर, म्हणजे खऱ्या सारंगीच्या रेकॉर्ड केलेल्या स्वरांवर टाकता येतो. गाण्यांच्या श्रेयनामावलीत म्युझिक प्रोग्रॅमर म्हणून जे नाव येतं त्यांचं अर्ध्याहून जास्त काम या आकड्यांवरच चालतं. शिवाय साइज. पाच मिनिटांचं गाणं सीडीच्या दर्जाच्या ऑडिओत ५० एमबीच्या वर जातं, आणि मिडीत ते काही डझन केबीत बसतं. २००२-०३ च्या आसपासचे ते पॉलिफोनिक रिंगटोन आठवतात का, नोकियाचे? त्या मिडी फाइलच होत्या. फोनमध्ये छोटासा सिंथ बसवलेला असायचा आणि फाइल त्याला फक्त सांगायची की कुठला स्वर कधी वाजव, म्हणूनच तेव्हाच्या कासवाच्या गतीच्या जीपीआरएसवर पण रिंगटोन उतरायची.

फक्त फाइल वाद्यही नंबरानेच सांगते, आणि नंबर ५३ म्हणजे कुठलं वाद्य हे प्रत्येकाने आपापलं ठरवलं तर फाइल एका कीबोर्डवर बासरी आणि दुसऱ्यावर ट्रम्पेट होऊन वाजणार, म्हणून १९९१ मध्ये जनरल मिडी आलं, १२८ वाद्यांची एक पक्की यादी आणि दहावं चॅनल तालवाद्यांसाठी राखीव. या यादीत १०५ नंबरला सतार आहे, ११२ ला शहनाई आहे. तबला नाही, ढोलकी नाही, पेटी नाही, पेटीच्या जवळचं म्हणून २१ नंबरचा रीड ऑर्गन घ्यायचा. भारतासाठी म्हणून काढलेल्या कीबोर्डमध्ये तबला, ढोलक, तानपुरा सगळं मिळतं पण ते त्या त्या कंपनीच्या नंबरवर, त्यामुळे एकाची तबल्याची फाइल दुसऱ्यावर टाकली की भलतंच काहीतरी वाजतं. हे मला मनापासून खटकतं. करोडो लोक रोज जी वाद्यं ऐकतात त्यांना एक सर्वमान्य नंबर असायला हवा होता, आणि तो आजही देता येईल.

ऑक्टोपॅडवाल्यांनी तर ते मागचं सॉकेट वापरायलाच हवं. रोलँडचा पहिला ऑक्टोपॅड, पॅड-८, १९८५ ला आला तेव्हा त्यात स्वतःचा एकही आवाज नव्हता. आठ रबरी पॅड आणि मागे मिडी, बस. काठी पडली की निरोप जायचा आणि आवाज दुसऱ्या मशीनमधून यायचा. पुढच्या मॉडेल्समध्ये आवाज आत आले आणि आपल्याकडे बेंजो पार्टीपासून लावणीच्या कार्यक्रमापर्यंत ऑक्टोपॅड पोचला, पण लोक त्यातले आहेत तेच आवाज वाजवत राहिले. प्रत्येक पॅडला कुठला स्वर-नंबर पाठवायचा हे मेनूत जाऊन बदलता येतं. मिडी आउट लॅपटॉपला जोडा, त्यात तुमच्याच गावच्या संबळवाल्याचे नीट रेकॉर्ड केलेले आठ-दहा ठोके टाका, हलका वेगळा, मधला वेगळा, जोराचा वेगळा, आणि व्हेलॉसिटीप्रमाणे वाटून द्या. हाताखाली तोच पॅड आणि बाहेर तुमच्या गावचा संबळ. हे मी करून बघितलंय, आणि ज्या वादकाला करून दिलं तो आता कंपनीचे आवाज लावतच नाही.

दोन मशीन एका लयीत चालवायच्या असतील तर त्यालाही निरोप आहे, क्लॉक, आकडा २४८. एका मात्रेला २४ टिक. २४ ला तीननेही भाग जातो आणि चारनेही, म्हणजे तिस्र आणि चतस्र दोन्ही जाती टिकांवर अचूक बसतात. खंड आणि मिश्र बसत नाहीत, चोवीसला ना पाचने भाग जातो ना सातने. अर्थात सिक्वेन्सर, म्हणजे हे निरोप साठवून परत वाजवणारी मशीन, आत याच्यापेक्षा कितीतरी बारीक मोजतात म्हणून प्रत्यक्षात अडत नाही, पण आकडा ठरवणाऱ्यांच्या कानात कुठलं संगीत होतं ते यावरून कळतं.

आता अडचणींकडे येते. सगळ्यात प्रसिद्ध अडचण म्हणजे अडकलेला स्वर. पट्टी दाबलेली असताना कोणाच्या तरी पायाने केबल निघाली, सुरू करचा निरोप पोचला होता, बंद करचा पोचलाच नाही, मग तो स्वर वाजतच राहतो कारण पलीकडच्या वाद्याच्या दृष्टीने बोट अजून पट्टीवर आहे. यासाठी बऱ्याच कीबोर्डला पॅनिक नावाचं बटण असतं, त्याने सगळे स्वर बंद करण्याचा निरोप जातो. काही वाद्यं तर दर ३०० मिलिसेकंदांच्या आत एक छोटा मी-आहे असा निरोप पाठवत राहतात, तो यायचा थांबला की पलीकडचं वाद्य समजतं की केबल गेली आणि गप्प होतं. लाइव्ह वाजवताना पॅनिक कुठे आहे ते अंधारातही बोटांना माहीत पाहिजे.

पण माझी खरी तक्रार, आणि हा लेख लिहायचं खरं कारण, ते म्हणजे मींड, एका सुरावरून दुसऱ्या सुरावर न तुटता घसरत जाणं. पट्टीच्या वाद्याला मींड येत नाही हा आरोप नवा नाही, पेटीवर तो शंभर वर्षं होतोय. १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने पेटीला बंदी घातली त्यामागे हे एक मोठं कारण होतं, मींड नाही आणि सप्तकाचे बारा सूर सारख्या अंतरावर बांधलेले. मिडी सुद्धा मुळात पट्टीचा विचार करूनच बनलंय, पट्टी दाबली, पट्टी सोडली. पण मिडीत एक जास्तीची गोष्ट आहे जी पेटीत नाही, पिच बेंड, म्हणजे व्हील ढकलून वाजता सूर वर-खाली सरकवणं, आणि त्याला मात्र त्यांनी सातऐवजी चौदा जागा दिल्या. म्हणजे १६,३८४ पायऱ्या, मधोमध ८१९२.

उदाहरण घेऊ. एका पट्टीपासून लगेच शेजारच्या पट्टीपर्यंतचं अंतर म्हणजे सेमीटोन, आणि त्याचा शंभरावा भाग म्हणजे सेंट. शुद्ध गंधार कीबोर्डवर सा पासून ४०० सेंटवर असतो, आणि तानपुऱ्यातून जो गंधार आपोआप ऐकू येतो तो साधारण ३८६ वर, म्हणजे कीबोर्डचा १४ सेंट चढा. यमन वाजवताना कानाला टोचतो तो हाच. बेंडची रेंज, म्हणजे व्हील पूर्ण ढकलल्यावर सूर किती सरकतो ते, नेहमीप्रमाणे दोन सेमीटोन असेल तर ८१९२ पायऱ्यांमध्ये २०० सेंट, म्हणजे एका सेंटला जवळजवळ ४१ पायऱ्या. १४ सेंट उतरायचं तर ५७३ पायऱ्या खाली, ८१९२ वजा ५७३, ७६१९. हा आकडा सात-सात जागांच्या दोन तुकड्यांत जातो, आधी लहान मग मोठा, तर तारेवर निरोप जातो २२४, ६७, ५९. इतकं पाठवलं की गंधार खाली येऊन तानपुऱ्यात मिसळतो, आणि ज्यांनी हे कानाने अनुभवलंय त्यांना माहितीये की त्या क्षणी काय होतं.

आणि मींड? पंचमावरून गंधारावर यायचं तर तीन सेमीटोनपेक्षा थोडं जास्त अंतर, दोनच्या रेंजमध्ये मावत नाही, म्हणून रेंज बारा करायची. चांगल्या व्हीलवर बारीक पायऱ्या मिळतात. काही स्वस्त कंट्रोलर, म्हणजे नुसते निरोप पाठवणारे कीबोर्ड, मात्र चौदा जागांपैकी वरच्या सातच वापरतात, मग दोन सप्तकांच्या पल्ल्यात फक्त १२८ पायऱ्या, एकेक पायरी जवळजवळ १९ सेंटची, आणि मींड जिना उतरल्यासारखी ऐकू येते. ते व्हील टाळा.

पण याहून मोठी अडचण अशी की बेंड एका स्वराचा नसतो, सगळ्या चॅनलचा असतो. डाव्या हाताने सा-प धरून ठेवलाय आणि उजव्या हाताने गंधारावर मींड घेतली तर सा आणि प पण सोबत सरकतात, जणू अख्खी पेटी कोणी उचलून हलवली. यावरचा जुना उपाय म्हणजे आधार एका चॅनलवर आणि राग दुसऱ्या चॅनलवर, कीबोर्ड मधून स्प्लिट करून. मी अजूनही असंच वाजवते. त्याच उपायाला पुढे ताणून २०१८ मध्ये एमपीई नावाचा नियम अधिकृत झाला, त्यात प्रत्येक दाबलेल्या स्वराला आपोआप वेगळं चॅनल मिळतं, म्हणून प्रत्येक बोटाची मींड वेगळी, प्रत्येक बोटाचा दाब वेगळा. रॉजर लिन यांच्या लिनस्ट्रुमेंटसारख्या वाद्यावर बोट घासत नेऊन जी मींड निघते ती ऐकली की पट्टीच्या वाद्याबद्दलचा जुना आरोप परत तपासावा लागतो. आपल्याकडे डॉ. विद्याधर ओक यांनी २२ श्रुतींची पेटी बनवली ती वेगळ्या वाटेने, पण दुखणं तेच होतं, बारा पट्ट्यांत न मावणारे सूर.

जानेवारी २०२० मध्ये मिडी २.० मंजूर झालं. १९८३ पासून तोपर्यंत आवृत्ती १ च चालत होती. नव्यात व्हेलॉसिटीला १२७ ऐवजी ६५,५३६ पायऱ्या, वाद्यं दोन्ही बाजूंनी बोलू शकतात म्हणजे कीबोर्ड पलीकडच्याला विचारू शकतो की तू कोण आणि तुला काय काय येतं, आणि पिच बेंड प्रत्येक स्वराला वेगळा. पण मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती एक गोष्ट फारसं कोणी बोलत नाही. स्वर सुरू करच्या निरोपातच आता नेमकी पिच पाठवता येते, एका सेमीटोनचे ५१२ भाग करून. म्हणजे हा भीमपलासचा गंधार, हा दरबारीचा गंधार, हे वाजवतानाच सांगता येईल, नंतर व्हील ढकलून नाही. फक्त ते वाजवणाऱ्याच्या हातात कसं द्यायचं हे वाद्य बनवणाऱ्याने ठरवायचंय, आणि तिथे आपल्या गायक-वादकांनी, विशेषतः पेटीवाल्यांनी, कंपन्यांच्या मागे लागायला हवं. अजून बाजारातले बहुतेक कीबोर्ड जुन्याच मिडीवर आहेत, नवीन यायला वेळ लागेल, पण मागणीच गेली नाही तर परत एकदा १०५ नंबरची सतार आणि तबल्याचा पत्ता नाही असं होईल.

तोपर्यंत आहे त्या कीबोर्डचं काय करायचं तर मॅन्युअल उघडा, कागदी नसेल तर पीडीएफ मिळते. अगदी शेवटच्या पानावर मिडी इम्प्लिमेंटेशन चार्ट असतो, एक मोठा तक्ता, त्यात गोल म्हणजे आहे आणि फुली म्हणजे नाही. पिच बेंडच्या ओळीत गोल आहे का बघा, कंट्रोल चेंजमध्ये १००, १०१ आणि ६ समोर गोल असेल तर बेंडची रेंज बाहेरून बदलता येते. आणि मेनूत स्केल ट्यूनिंग असेल तर आधी गंधार १४ ने उतरवून, बाजूला तानपुरा लावून, अर्धा तास नुसता सा-ग वाजवत बसा.